शुक्रवारची रात्र

१

पावीरोला शनिवारी सकाळी पुरलं, आणि कबरीवरची माती वाळायच्या आत कप्तान युवोनोने मास्तरांना खांबाला बांधलं.

पावीरो काही सैनिक नव्हता. कालीसोंगो गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या माडांच्या बागेत तो राहायचा. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरवायचा आणि कढवून त्याचा गूळ पाडायचा. जन्मात त्याने हातात धरलेलं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे कोयता. काल संध्याकाळी डच शिपायांनी त्याला त्याच्याच चुलाणापुढे गोळ्या घातल्या.

का घातल्या, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्याने कोणी बोलत नव्हतं इतकंच. शहर पुन्हा डचांच्या हाती गेल्यापासून कप्तानाची पोरं डोंगरातून लढत होती, आणि परवा रात्री पावीरोच्या घरी त्या चाळीसेक पोरांची बैठक झाली होती. गुळाच्या चुलाणाचा धूर त्या घरावर रोजचाच. तिथे कितीही भात शिजला तरी नदीच्या पुलावरच्या डच चौकीला वास लागायचा नाही, असा हिशेब होता. पोरं आली, जेवली, बोलली आणि उजाडायच्या आत डोंगरात गेली. दुसऱ्या दिवशी शिपाई ट्रक भरभरून आले ते नेमके त्याच घरावर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांडा कुठला, एवढंच शोधायचं बाकी होतं.

कप्तानाने तो शोधला होता. गावच्या चावडीच्या मधल्या खांबाला सुविग्न्यो मास्तर बांधलेले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि वर सरकवायला हात मोकळे नाहीत. दार्सोनोने आधी जाऊन तो नीट बसवला.

"काका, लाड पुरे," कप्तान म्हणाला. तो वयाने पोरगाच होता, पण सहा महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ गमावल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं.

दार्सोनो युद्धाआधी शहरात पोलिसात होता. चोऱ्यामाऱ्या, कधीमधी एखादा खून. गुडघा अधू झाल्यापासून तो लढत नव्हता, पण अडलं-नडलं की कप्तान त्यालाच बोलावायचा. आज मात्र बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता.

"पुरावा काय, कप्तान?"

"डच भाषा गावात कुणाला येते? या एकट्याला. गुरुवारी सकाळी चौकीत कोण गेलं होतं? हाच. रिकाम्या हाताने आला का? नाही. क्विनाइनची पुडी घेऊन आला. ते लोक फुकट देतात होय?"

"पोरं तापाने फणफणली आहेत शाळेत," मास्तर म्हणाले. "मी हात जोडले म्हणून दिली."

"हात जोडले की तोंड उघडलं?" कप्तान गरजला. मग दार्सोनोकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "माझा हुकूम तुम्हाला माहीत आहे. शत्रूला बैठकीचा दिवस सांगेल त्याला गोळी. मग तो माझा बाप का असेना. मावळतीपर्यंत दुसरं कुणी दाखवा, नाहीतर मला अडवू नका."

दार्सोनोने खांबाकडे पाहिलं. त्याच्या लेकीला याच मास्तरांनी अक्षर शिकवलं होतं. पण लेकीपेक्षाही एक गोष्ट त्याला सकाळपासून टोचत होती. ज्याला बैठक ठाऊक होती, घर ठाऊक होतं, त्याला दिवसच नेमका कसा चुकला? डच आले, पण एक दिवस उशिरा का आले?

चावडीच्या कुंपणापाशी म्बाह रेसो उभी होती. म्बाह म्हणजे आजी. ती सगळ्या गावाचीच आजी. अर्धं गाव तिच्या हातून जन्माला आलेलं. आता सत्तरीत ती पाठीवर टोपली बांधून हळद-चिंचेच्या काढ्याच्या बाटल्या विकायची, पार पुलावरच्या शिपायांनासुद्धा. बाटल्यांच्या खाली, टोपलीच्या तळाशी, कप्तानाच्या पोरांसाठी काडतुसं यायची. हे गावात चौघांनाच माहीत होतं.

"म्बाह, आज पुलावर नाही?"

"मयत आहे रे गावात," म्हातारी म्हणाली. तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तशीच पाठ फिरवून निघून गेली.

२

माडांच्या बागेत बुटांनी चिखल तुडवला होता. दार्सोनो काठी टेकत झाडाझाडाखाली फिरला. घराच्या समोरच्या बाजूला, माडांच्या मुळाशी, गवत दबलेलं होतं. माणूस पालथा पडून राहिला की दबतं तसं. तिथेच मासळीचे फोडलेले डबे होते, सिगारेटची थोटकं होती. एका ठिकाणी तर बंदुकीची तिवई टेकायला माती नीट सपाट करून घेतलेली.

तो तिथेच एका ओंडक्यावर बसला. घाईघाईने आलेला माणूस डबा फोडून जेवत बसत नाही. हे लोक दुपारीच येऊन दबा धरून बसले होते. बैठक होऊन गेल्याची बातमी त्यांना उशिरा लागली, असं कप्तान समजत होता. तसं असतं तर ते आले असते, घर जाळलं असतं आणि गेले असते. पण हे वाट बघत होते. त्यांच्या लेखी बैठक अजून व्हायची होती.

घरात गिनेम, पावीरोची बायको, आलेल्या बायकांना भात वाढत होती. रडलेली दिसत नव्हती. दार्सोनोला पाहून ती हात पुसत बाहेर आली.

"विचारा काका. मला काही झालेलं नाही. जे झालं ते त्यांना झालं."

"काल तुम्ही कोणीच घरात नव्हता?"

"पलीकडच्या वाडीला गेलो होतो. म्बाहच्या भाचीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. म्हातारी दोन दिवस मागे लागलेली. सगळ्यांना घेऊन ये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही आण, एकालाही मागे ठेवू नकोस, रात्री तिथंच झोपा. हात धरून नेलं म्हणा ना. तिचा फार जीव आमच्यावर. ह्यांना आईच्या पोटातून तिनंच तर सोडवलं होतं."

"मग पावीरो परत कशाला आला?"

"रसासाठी!" गिनेम हसल्यासारखं करून थांबली. "दुपारचा रस उतरवून ठेवलेला. त्याच दिवशी कढवला नाही तर आंबतो. ताटावरून उठले आणि म्हणाले, एक उकळी काढून येतो, बाळ काही पळून जात नाही. त्यांचं हे असंच. जग बुडालं तरी चालेल, रस नासायला नको."

"बैठकीचं तू कुणाकडे बोललीस?"

"मी? परवा दिवेलागणीला शुक्रवार लागला म्हणून फुलं ठेवत होते, धूप लावत होते, तोवर पोरं यायलाही लागली. बोलायला उसंत कुणाला होती?" तिने दाराची चौकट धरली. "काका, एक करा. मास्तर असोत नाहीतर आणखी कुणी, गोळी घालायच्या आधी मला त्याच्यासमोर न्या. मला त्याला विचारायचंय, पावीरोनं तुझं काय खाल्लं होतं रे?"

दार्सोनोने काठी उचलली. निघता निघता त्याने सहज विचारलं, "चाळीस जणांना पुरेल एवढा तांदूळ आला कुठून?"

"बाजारातनं. बुधवारी कासाननं टांग्यातून आणला."

बाजार नदीपलीकडे होता. म्हणजे तांदळाची पोती चौकीवरून आली होती. आणि कासान टांगेवाला, जो कुणाच्याही मयतीला सगळ्यांत पुढे असायचा, तो आज पावीरोच्या मयतीला आलाच नव्हता.

३

कासान तबेल्यात घोड्याला खरारा करत होता. घोडा कधीचाच चकचकीत झाला होता.

"आता सोड त्याला, कातडं निघेल," दार्सोनो म्हणाला.

"माझा काहीएक संबंध नाही!"

"मी अजून विचारलं कुठे?"

कासानच्या हातातला ब्रश खाली पडला. चोराच्या मनात चांदणं, पण हा चोर दिसत नव्हता, भ्यालेला दिसत होता. दार्सोनोने पायाने एक बादली पालथी केली आणि तिच्यावर बसून घेतलं. गप्प बसलं की माणसं बोलतात, एवढं त्याला पोलिसातल्या नोकरीने शिकवलं होतं.

"तांदूळ बघून साहेबानं अडवलं," कासान शेवटी म्हणाला. "तो तरणा लेफ्टनंट हो, लालबुंद, पुस्तकातनं आपली मलय भाषा शिकलेला. दुभाष्या हगवणीनं आडवा पडला होता, म्हणून साहेब स्वतःच विचारत सुटला. एवढा तांदूळ कुणाला? मी म्हटलं, देवाचं जेवण आहे. कुणाकडे? मी म्हटलं..." आणि तो ढसाढसा रडायला लागला. "काका, दुसरं नावच सुचेना हो! तोंडातनं निघून गेलं. पावीरोकडे म्हणालो मी."

दार्सोनोने त्याला रडू दिलं. याला आत्ता चावडीवर उभं केलं तर मास्तर सुटतील, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. येऊन गेला याची त्याला लाजही वाटली.

"आणि कधी म्हणून विचारलं असेल ना?"

"विचारलं. पण दिवस मी नाही सांगितला! आईची शपथ. कप्तानाचा हुकूम दिवसाचा आहे, काका. मी दिवस नाही सांगितला."

"सांगणार होतास?"

कासानने मान खाली घातली. "'उद्या' एवढं ओठावर आलं होतं."

"मग अडलं कुठे?"

"म्बाह बसली होती तिथंच, झाडाखाली, बाटल्या मांडून. तिनं साहेबापुढे काढा धरला, थट्टा केली. साहेबाचा तिच्यावर लोभ आहे, तिच्याशी तो आपलं मलय घासून घेतो. मला म्हणाला, जा. मी सुटलो. पुढचं मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

सूर्य कलायला लागला होता. दार्सोनोकडे एक भित्रा टांगेवाला होता आणि एक निरपराध मास्तर, आणि कप्तानाला दोघांतला कोणीही चालला असता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, पण इथे तर दोन्ही ओलंच होतं.

४

चावडीवर पोरं जमायला लागली होती. दार्सोनोने मास्तरांच्या तोंडाला पाणी लावलं.

"मास्तर, तुम्ही गुरुवारी सकाळी चौकीत गेलात. त्याच रात्री बैठक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. वर्गातली दोन थोरली मुलं त्यात आहेत."

"समजा, साहेबाला सांगायचं असतं, तर काय म्हणाला असतात? त्याच्याच भाषेत सांगा."

मास्तर दुखावले. "तुम्हीसुद्धा?"

"सांगा हो. जीव तुमचाच आहे."

"दॉन्देरदाख आफोंत," मास्तर पुटपुटले.

"म्हणजे?"

"गुरुवारची संध्याकाळ."

"आणि आपण काय म्हणतो? मी, तुम्ही, गिनेम?"

"आपण म्हणतो मालेम जमुवाह, शुक्रवारची..." मास्तर बोलता बोलता थांबले. चष्म्याआडचे त्यांचे डोळे मोठे झाले.

दार्सोनोलाही एकदम उमगलं. इतकी जवळची गोष्ट, म्हणूनच दिसली नव्हती. या मुलखात सूर्य बुडाला की पुढचा वार लागतो. गुरुवारी दिवेलागण झाली की शुक्रवार सुरू. म्हणून तर गिनेमने तेव्हाच शुक्रवारची फुलं ठेवली. शुक्रवारची रात्र म्हणजे गुरुवार मावळल्यानंतरची रात्र, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण साहेबाचा वार मध्यरात्री बदलतो. पुस्तकातून भाषा शिकलेल्या साहेबाला कुणी 'शुक्रवारची रात्र' म्हटलं, तर तो शुक्रवारचा दिवस अख्खा जाऊ देईल आणि मग रात्रीची वाट बघेल. माडाखाली पालथा पडून, डबे फोडून, वाट बघेल.

मास्तरांनी सांगितलं असतं तर साहेबाच्या भाषेत, बिनचूक सांगितलं असतं; आणि चाळीस प्रेतं पडली असती. कासानच्या तोंडून 'उद्या' निघालं असतं, तरी तेच. उद्या म्हणजे कुठल्याही भाषेत उद्या. दुभाष्या असता तर त्यानेही चूक सुधारली असती. म्हणजे शुक्रवारची रात्र हे शब्द दुभाष्या नसताना, थेट साहेबाला, कुणीतरी आपल्या गावठी बोलीत सांगितले होते. आणि त्या कुणाचं नाव दार्सोनोने आज दोनदा ऐकलं होतं. एकदा गिनेमच्या तोंडून आणि एकदा कासानच्या.

"दार्सोनो," मास्तर हळूच म्हणाले, "हे ज्या कुणी केलं, त्यानं चुकून केलं की मुद्दाम?"

५

म्बाह रेसो ओट्यावर हळद वाटत होती. वरवंटा थांबला नाही.

"ये. उशीर लावलास. लहानपणीही तुझं तसंच. तुझ्या आईला दोन दिवस छळलंस, मग बाहेर आलास."

"म्बाह, बुधवारी साहेबानं कधी विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"मालेम जमुवाह म्हणाले." आता वरवंटा थांबला. "कासानचं तोंड उघडलेलं बघितलं मी. ते बावळट 'उद्या' म्हणणार होतं. खोटं बोलावं तर साहेब पंधरा दिवस गावात रोज गस्त ठेवील, आणि माझ्या टोपलीत त्या दिवशी काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून खरं तेच सांगितलं. साहेबानं बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिसऱ्या बोटावर थांबला आणि हसला. मीही हसले. त्याला काढा पाजला."

"मग कप्तानाला का नाही सांगितलंत?"

"का सांगू? शुक्रवारी डच इथं येणार कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं? पोरं माडावर चढवली असती, ट्रकवर बॉम्ब टाकले असते. भाऊ गेल्यापासून त्याला लढाई हवी आहे. दुसऱ्या दिवशी साहेबानं गाव पेटवलं असतं. त्याला लढाई हवी, मला गाव हवं होतं." तिने हळदीने पिवळे झालेले हात मांडीवर ठेवले. "म्हणून बाळाच्या नावाचं निमित्त केलं. ती सगळी आळी उचलून वाडीला नेली. मोकळ्या घरावर येऊ देत की, म्हटलं. भांडी फोडतील, कोंबड्या नेतील."

"पावीरोला तरी खरं सांगायचंत."

"पावीरोच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. बाजारात जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं, म्बाहनं साहेबाला कसं बनवलं म्हणून. अभिमानानं सांगितलं असतं रे."

दार्सोनोला पुढचं विचारवत नव्हतं, पण न विचारून चालणार नव्हतं. "तो जेवणावरून उठला, तेव्हा तुम्ही तिथं होता?"

"मीच वाढत होते." म्हातारी म्हणाली. "मी बघितलं त्याला उठताना. 'बस रे, अजून भात वाढते' म्हटलं. तो हसला, म्हणाला रस आंबेल. पन्नास माणसं बसली होती, दार्सोनो. 'जाऊ नकोस, तिथं डच आहेत' एवढं बोलले असते तर तो थांबला असता. पण तुला कसं ठाऊक, म्हणून त्या पन्नास जणांनी विचारलं असतं. आणि मला वाटलं, रात्र पडल्याशिवाय येणार नाहीत ते. हा लवकर जाऊन लवकर येईल. वाटलं म्हणजे काय, मी तसं वाटून घेतलं. मग गोळ्यांचा आवाज आला."

"मास्तरांना तिथं बांधलंय, म्बाह."

"बघितलं ना सकाळी. दोनदा गेले त्या कुंपणापर्यंत. पाय पुढे पडेना. मरणाची भीती नाही रे, ह्या वयात कसली भीती? गिनेम तिथं असेल. तिचं तोंड बघायची भीती."

दार्सोनोला तिची कीवही आली आणि रागही आला. त्यातलं जास्त काय, ते त्याला सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "तुमचं नाव न घेता मास्तरांना सोडवता येतं का, बघतो."

"नाही येणार. कप्तान विचारील, मग तोंड कुणाचं? आणि तू त्या कासानला पुढे करशील." म्हातारीने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं. "मी साहेबाशीसुद्धा खोटं बोलले नाही. आता आपल्या माणसांत काय बोलायचं? चल. सूर्य बुडायला आला."

६

कप्तानाने तीन बंदूकधारी निवडून ठेवले होते. मास्तरांचा चष्मा कुणीतरी काढून घेतला होता. गिनेम बायकांमध्ये पुढेच उभी होती.

दार्सोनोने सगळं क्रमाने सांगितलं. माडाखालचे डबे, हगवणीने पडलेला दुभाष्या, मास्तरांची गुरुवारची संध्याकाळ आणि गावाची शुक्रवारची रात्र. पोरं आधी कुजबुजत होती, मग कुजबुज थांबली. त्या रात्री जिवंत राहिलेला प्रत्येक जण मनातल्या मनात बोटं मोजत होता. घराचं नाव साहेबाला कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही आणि दार्सोनोने सांगितलं नाही.

"म्हणजे मास्तर नव्हेत," कप्तान म्हणाला. "मग दिवस कुणाच्या तोंडून गेला?"

"माझ्या," म्बाह रेसो म्हणाली आणि मधे येऊन उभी राहिली.

तिने काहीही लपवलं नाही. काढा, साहेबाची बोटं, बाळाचं नाव, पन्नास माणसं, आणि 'अजून भात वाढते'. ती कप्तानाला सांगत होती, पण बघत होती गिनेमकडे. सकाळपासून जे बघायची तिला भीती वाटत होती, तेच ती आता नजर न हलवता बघत होती.

कप्तानाने एकदा आपल्या पोरांकडे पाहिलं. हुकूम त्याचा होता. शत्रूला दिवस सांगेल त्याला गोळी. आणि तो स्वतः, त्याची चाळीस पोरं, इथे उभी होती ती त्याच सांगण्यामुळे. त्याने मास्तरांच्या दोऱ्या सोडायला खूण केली. मास्तर खांबाला टेकून खाली बसले आणि हातांनी चष्मा चाचपायला लागले. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

"मी नाही ठरवणार हे," कप्तान शेवटी म्हणाला. "मी ठरवूच शकत नाही. गिनेम, तुझा नवरा गेलाय. तू सांग."

गिनेम पुढे आली. सगळा दिवस तिने जपून ठेवलेला प्रश्न दार्सोनोला माहीत होता, पण तो तिने विचारला नाही.

"ते उठले तेव्हा फक्त भाताचं म्हणालात?"

"हो."

"हात नाही धरलात?"

"नाही पोरी. हातात पळी होती."

गिनेम कप्तानाकडे वळून म्हणाली, "तिला मारू नका. मारलंत तर सुटेल ती. उद्या सकाळी पुलावर जाऊ दे. रोजच्यासारखी बाटल्या घेऊन. त्या साहेबाला काढा पाजू दे, हसून."

"गिनेम!" दार्सोनोला राहवलं नाही. "साहेबाला फसल्याचं कळलं असेल. तो तिला सोडणार नाही."

"माझ्या नवऱ्यालापण घरी जाऊच दिलं ना?" गिनेम म्हणाली.

कप्तानाने मान वर केली नाही. म्बाह रेसो मात्र एवढंच म्हणाली, "जाते," आणि वळली. सूर्य बुडाला होता. नवा वार लागला होता.

सकाळी ती गेली. दार्सोनो रस्त्याच्या वळणापर्यंत सोबत चालला, मग तिनेच त्याला मागे फिरवलं. तुझ्या लंगड्या पायानं माझी चाल मोडते, म्हणाली. त्या दिवशी गावात कुणी शेतावर गेलं नाही. जो तो काही ना काही निमित्त काढून रस्त्याकडच्या बाजूला काम करत होता. मास्तरांनी शाळा भरवली, पण मुलांना काही शिकवलं नाही. पुलाकडून आवाज येतो का, याकडेच सगळ्यांचे कान होते. दार्सोनो पिंपळाखाली बसून एकामागून एक लवंगी विड्या ओढत राहिला आणि आपण आदल्या दुपारी मुकाट्याने कासानला नेऊन उभं केलं असतं तर, असंही एकदा त्याच्या मनात आलं.

ऊन चढल्यावर ती वळणावर दिसली. पाठ वाकलेली, टोपली पाठीवर, चाल रोजचीच. वाटेत कुणाशी न बोलता, ओढा ओलांडून ती सरळ पावीरोच्या घरी गेली. दार्सोनो मागोमाग गेला, पण अंगणाबाहेरच थांबला.

गिनेम दारात उभी होती.

"विकलं?"

"सगळं विकलं. दुभाष्या बरा झालाय. त्यानं साहेबाला शुक्रवारच्या रात्रीचा अर्थ सांगितला म्हणे. सगळी चौकी साहेबाला हसते आहे. मला बघून लाल झाला, हात कमरेच्या पिस्तुलावर गेला, मग दुभाष्याकडे बघितलं आणि काढा मागितला. मी तर खरंच सांगितलं होतं. मला शिक्षा करायची म्हणजे सगळ्यांदेखत आपली चूक कबूल करायची."

"हसलात त्याच्याकडे बघून?"

"हसले."

"पावीरोला त्यानंच मारलं?"

"तेच सांगत होता. नेम कसा बसला, ते. मी ऐकत होते, हसत होते."

गिनेम पायरी उतरून खाली आली, म्हातारीच्या छातीवरची टोपलीची गाठ सोडली, आणि टोपली उतरवून भिंतीशी ठेवली.

"आज तिसऱ्या दिवसाचं जेवण आहे त्यांचं," ती म्हणाली. "भात कमी पडतोय. हात धुऊन आत या."

म्बाह रेसो दोन दिवस रडली नव्हती. ती तिथेच अंगणात, पिवळ्या हातांनी तोंड झाकून, मोठ्याने रडली. आणि गिनेम तिच्या शेजारी उभी राहून तिचं रडणं संपायची वाट बघत राहिली.